साडेचौदा नंबरचा खांब

मुलाणीकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या लायब्ररीत होते. बाबांचा आवाज अगदी बारीक झाला होता. आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आज तळ्याच्या वळणावर कोण उभं राहील… त्या विचाराची मला अजून लाज वाटते. सहा आठवडे झाले, म्हणून आता लिहायचं धाडस करते आहे.

आम्ही गाझियाबादच्या पलीकडे एका गावात भाड्याने राहतो. बाबा दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या सरकारी अतिथिगृहात स्वयंपाकी आहेत. गावात मराठी घरं दोनच, आमचं आणि काकांचं. काका मूळचे साताऱ्याकडचे, दिल्लीच्या एका कचेरीतल्या आवक-जावक विभागातून निवृत्त झालेले. आमच्या घरातून कॉलेजला जाणारी मी पहिलीच. बस हायवेवर सोडते, तिथून घरापर्यंत वीस मिनिटांची वाट, आणि खांबांवरचे निम्मे दिवे बंद. पहिल्याच हिवाळ्यात बाबा म्हणाले, असं अंधारातून यायचं असेल तर कॉलेज पुरे.

काकांनी ते ऐकलं आणि पंचायतीत गेले. तिथे तक्रार घेत होते, पण खांबाचा नंबर हवा होता, आणि नंबर तर कुठल्याच खांबावर नव्हता. दुसऱ्या सकाळी काका पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन दारात हजर.

"चल शीतल. ज्याला नंबर नाही, तो सरकारला दिसत नाही."

प्रधानजी, म्हणजे इथले सरपंच, चौपालीवर, गावच्या पारावर बसले होते. "चाचा, गिनने से बल्ब जल जाएगा क्या?"

"प्रधानजी, आप भी तो गिनती से ही बने हो," काका म्हणाले. सगळी चौपाल हसली, प्रधानजीसुद्धा.

एक चूक मात्र झाली. काकांनी मोजायला सुरुवात स्वतःच्या दारापासून केली, आणि लाइनमन मोजायचा हायवेकडून. तो सवयीने भलत्याच खांबावर चढला आणि चांगला दिवा बदलून गेला. मी म्हटलं, पुसून पुन्हा लिहू या. पण तोवर गल्लीतल्या बायका 'ग्यारह नंबर के सामने' असा पत्ता सांगायला लागल्या होत्या. काका म्हणाले, लोकांच्या तोंडी बसलंय, आता पुसायचं नाही. मग लाइनमन आला की ते स्वतः जाऊन योग्य खांबाला हात लावून उभे राहायचे.

हळूहळू दिवे लागले. फक्त चौदा आणि पंधराच्या मध्ये, तळ्याच्या वळणावर, खांबच नव्हता. त्यासाठी काका अर्जावर अर्ज करत राहिले, आणि संध्याकाळी स्वतः तिथे जाऊन थांबत राहिले. माझ्यासाठी थांबलोय, असं कधी म्हणाले नाहीत. धुक्यात दिवे कापसाच्या बोळ्यांसारखे दिसायचे. पंधरा नंबर मागे पडला की सगळं विरून जायचं… आणि जिथे काहीच नाही, तिथून त्यांचा खोकला ऐकू यायचा.

ते गेल्यावर बाबा ड्यूटी लवकर सोडून मला घ्यायला येऊ लागले. असं किती दिवस चालणार? त्यांनी पुन्हा कॉलेजचा विषय काढला.

मागच्या आठवड्यात तो खांब आला. लाइनमनने रजिस्टर उघडून नंबर विचारला, आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. पंधरा म्हटलं असतं तर पुढचे सगळे नंबर पुसावे लागले असते.

"साढ़े चौदह," मी म्हटलं.

लाइनमनने प्रधानजींकडे पाहिलं. "लिख ले," ते म्हणाले. "चाचा की गिनती है."

त्या दिवशी मी बाबांना कळवलं, घ्यायला येऊ नका. वळणावर धुकं होतं आणि त्यात एक नवा उजेड होता. मी त्याच्याखालून चालत घरी आले. आईने दार उघडलं, माझ्या मागे पाहिलं आणि विचारलं, कोण आलं होतं सोडायला?

कोणी नाही, मी म्हटलं… आणि बराच वेळ ते मलाच खरं वाटेना.