वाढत्या मापाचं हेल्मेट

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा मी अहमदपूरच्या एका शाळेत खेळाचा मास्तर होतो. दुष्काळ होता. मैदानावर पाणी शिंपडा म्हणायची लाज वाटावी असे दिवस. जमीन टणक, चेंडू कसाही उसळायचा. नव्या जिल्ह्याचा मुलींचा पहिला हॉकी संघ निवडायचा होता आणि आमची आठवीतली गोलरक्षक त्यात जाणार, अशी माझी खात्री होती. तिचे वडील तहसील कचेरीत शिपाई.

दोघांना घेऊन मी एस.टी.नं नांदेडला हेल्मेट आणायला गेलो. दोन मापं होती. मी मोठं उचललं. गणवेश, चपला, सगळं वाढत्या अंगाचं घ्यायची आपली रीत.

"सर, हे हलून राहिलंय," ती म्हणाली.

"पुढच्या वर्षी बरोबर बसंल. तुझ्यामागनं दुसऱ्या पोरी बी वापरतील."

दुकानदार हसला. "सर, डोकं काय पायांवानी वाढतं का? लहान न्या."

तिनं वडिलांकडं पाहिलं. ते म्हणाले, "सर म्हणतेत ते घे. त्यांना कळतंय."

आत रुमालाची घडी घालून मी ते बसवलं.

निवडीच्या सामन्यात चेंडू खड्यावरून उसळला. तिनं मान वळवली, हेल्मेट वळलं नाही. तोंडावरची जाळी कानाकडं सरकली आणि चेंडू उघड्या डाव्या डोळ्यावर बसला. त्या डोळ्यानं तिला पुन्हा धड दिसलं नाही.

मुख्याध्यापकांनी लेखी अहवाल मागितला. नोकरीच्या भीतीनं मी लिहिलं, 'गोलरक्षकाने हनुवटीचा पट्टा लावला नव्हता.' चार दिवसांनी ते ऐकून तिचे वडील आले आणि हात जोडून म्हणाले, "सर, पोरीची चूक झाली. तुम्हाला तरास झाला."

मी त्यांना चहा पाजला.

परवा लातूरला तिच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. आता तिला नातवंडं आहेत. तिनं चहाचा कप माझ्याकडं सरकवला.

"मला ठाऊक व्हतं, सर. पण माझा बाप जाईस्तोवर म्हणायचा, पट्टा लावायला काय झालतं गं तुला? मी लावला व्हता म्हणलं की म्हणायचा, सर खोटं लिहितेत का? तुमी हे त्याला सांगायचं व्हतं."

त्यांना आता सांगता येत नाही. म्हणून इथं लिहितो. पट्टा लावलेला होता. मीच लावून दिला होता, खाली दोन बोटं घालून घट्ट आहे का तेही पाहिलं होतं.