ओर्लिंडाने गाडीतला गोंगाट काढला

एस्पान्योला गावात जुन्या गाडीच्या सीट नव्याने मढवायच्या म्हटलं की लोक ओर्लिंडा मायेस्तासकडे जायचे. घराच्या परसात पत्र्याची शेड, तिच्यात शिलाईचं जड मशीन, मखमलीचे तागे, आणि दाराशी वाळत टांगलेल्या लाल मिरच्यांच्या माळा. शेजारच्या शेडमध्ये तिचा नवरा एलिहिओ गाड्यांचे पोचे आलेले पत्रे ठोकून सरळ करायचा. त्याने बाहेरून गाडी सुधारावी, तिने आतून सजवावी, अशी उभ्या जन्माची वाटणी झाली होती.

एलिहिओ मोठा बोलका. पण हातोडा चालू असताना काय बोलणार? ती सगळी भरपाई तो गाडीत करायचा. त्यांची स्वतःची बासष्ट सालची इम्पाला गाडी होती, पिकल्या द्राक्षाच्या रंगाची. रविवारी चर्चमधून आलं, हिरव्या मिरचीचा रस्सा ओरपला, की दोघं ताओस गावाच्या वाटेला लागायची. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला कडा, आणि एलिहिओच्या तोंडाचा पट्टा सुरू. त्याच्या आजोबांचं खेचर एकदा बिशपच्या वाटेतच फतकल मारून बसलं होतं. ती गोष्ट दर वेळी नव्याने वाढायची. कधी खेचर तासभर बसायचं, कधी दिवस मावळेपर्यंत.

गाडीत गोंगाट एवढा, की खिडकीपाशी बसलेल्याला एक शब्द कळू नये. पत्रे थरथरायचे, चाकांची घरघर तळातून वर यायची. पण पुढची सीट होती बाकासारखी सलग. ओर्लिंडा सरकत सरकत त्याच्या खांद्याला जाऊन टेकायची आणि कान त्याच्या तोंडाशी न्यायची. त्या वयात तिला त्या गोंगाटाबद्दल काही तक्रार नव्हती.

तक्रार आली ती बेर्नादेत जन्मल्यावर. गाडी सुरू झाली की पोर दचकून रडायची. तेव्हा एलिहिओचा थोरला भाऊ फाकुंदो घरांच्या छपरांचं काम करायचा. त्याने उरलेल्या डांबरी पट्ट्या आणल्या. "फुकटात शांतता घे," म्हणाला. दोघा भावांनी एका दुपारी गालिचा उचलून तळभर पट्ट्या चिकटवल्या. आवाज खरंच कमी झाला. मग आला जुलै. नात्यातल्या एका बारशाला सगळे गेले, गाडी चर्चबाहेर उन्हात उभी राहिली. परतताना त्या बारशाच्या बाळाची धर्ममाता मागे बसली होती. घरापाशी ती उतरली, तर तिचा एक पांढरा बूट गाडीतच राहिला. डांबर पातळ होऊन गालिच्यातून वर आलं होतं.

"तुमच्या गाडीने माझा बूट खाल्ला," ती बाई एका पायावर उभी राहून म्हणाली.

फाकुंदो पुढे कित्येक वर्षं तिच्या वाटेला गेला नाही. डांबराचा वास मात्र उन्हाळा आला की गाडीत हजर. बेर्नादेत मोठी झाली, लग्न होऊन ताओसला गेली, तरी तो वास आला की ओर्लिंडाला मांडीवरचं तान्हं बाळ आठवायचं.

हातोड्याने पत्रे सरळ केले, पण एलिहिओचे कान नेले. साठी उलटल्यावर त्याला समोरच्याचं बोलणं अर्धंमुर्धं ऐकू येईना. बेर्नादेतने मागे लागून कानाची यंत्रं आणवली. घरात त्यांचा उपयोग व्हायचा. गाडीत मात्र उलटंच. यंत्राला काय, माणसाचा आवाज आणि चाकाची घरघर सारखीच. दोन्ही मोठं करून कानात ओतायचं. दोन-चार मैल गेले की एलिहिओ यंत्रं काढून शर्टाच्या खिशात टाकायचा. मग ओर्लिंडा काय म्हणते ते कळायचं नाही, आणि उत्तर कळत नाही म्हणून तो स्वतःही बोलेनासा झाला. ताओसपर्यंतचा सगळा रस्ता दोघं समोर बघत जायची. सरकून बसायचेही दिवस गेले होते. दुखऱ्या कंबरेमुळे तिला आता सीटचा पट्टा लावून एका जागीच बसावं लागायचं.

एका रविवारी परतल्यावर एलिहिओ अंगणात गाडीच्या टपावर हात ठेवून उभा राहिला.

"फाकुंदोच्या पोराला देऊन टाकू ही," तो म्हणाला. "त्याला हवीच आहे."

"आणि आपण?"

"बेर्नादेत नेईल-आणेल. तिची गाडी नवी आहे. आत बसलं की देवळात बसल्यासारखं वाटतं."

"देवळात तू कधी गप्प बसलास रे, म्हाताऱ्या?" ओर्लिंडा म्हणाली.

त्याला ते ऐकू गेलं नाही. तो आत निघून गेला. ओर्लिंडा मात्र तिथेच उभी राहिली. रात्रभर तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. लोकांच्या एवढ्या गाड्या आपण उघडून पुन्हा जोडल्या, आणि स्वतःच्या गाडीत डांबर तसंच ठेवलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दुसऱ्या दिवशी ती सांता फेला गेली. गाडीतला आवाज दाबणाऱ्या पट्ट्या विकणारा दुकानातला माणूस भला होता. त्याने दोन-तीन तऱ्हेच्या पट्ट्यांचे तुकडे दिले. "ऊन तुमच्याकडेही आमच्याइतकंच," म्हणाला. "टपावर ठेवून बघा आणि मग ठरवा." तिने तुकडे शेडच्या तापलेल्या पत्र्यावर चिकटवले. संध्याकाळपर्यंत स्वस्तातला तुकडा वीतभर खाली घसरला आणि त्याला तोच ओळखीचा वास सुटला. वर चंदेरी पत्रा आणि आत चिकट काळं रबर असलेला दुसरा तुकडा जागचा हलला नव्हता, आणि नाक लावलं तरी वास नव्हता. तिने तोच घ्यायचा ठरवला. पत्र्याची थरथर त्याने थांबेल. चाकांच्या आवाजासाठी त्यावर फोम आणि तळाला जड व्हिनाइल प्लास्टिकची चादर.

एलिहिओ दुपारची झोप काढून बाहेर आला, तर गाडीच्या सीट अंगणात कोंबड्यांच्या मधोमध मांडलेल्या.

"हे काय चालवलंयस, म्हातारे?"

"दिसत नाही? कान गेलेत, डोळे तर आहेत."

"मी गाडी द्यायची म्हणालो होतो."

"द्यायचीच तर निदान डांबर काढून देऊ. पोराने काय पाप केलंय?"

तो थोडा वेळ घुटमळला. ओर्लिंडा खरवडणीने डांबर काढायला बघत होती. ते रबरासारखं ताणलं जायचं आणि पुन्हा बसायचं. शेवटी एलिहिओच किराणा दुकानात जाऊन पांढरी वाफ सोडणारा कोरडा बर्फ घेऊन आला. शेडची दारं सताड उघडी ठेवून, हातमोजे चढवून त्याने तो डांबरावर पसरला. डांबर गारठून कडक झालं, तशी त्याने आपली लहान हातोडी काढली आणि हलक्या हाताने ठोकायला लागला. डांबराच्या खपल्या काचेसारख्या तडकून उडू लागल्या. किती तरी दिवसांनी तो कामात रमलेला ती पाहत होती. खपल्यांत तिची एक जुनी केसांची पिन निघाली. त्याने ती पुसून तिच्या हातावर ठेवली. पिकल्या केसांच्या इवल्या अंबाड्याला आता पिनेची गरज उरली नव्हती, तरी तिने ती खोचली.

डांबराखाली एका ठिकाणी पत्रा गंजून भोक पडलं होतं. एलिहिओने ते जोडून घेतलं. मग दोघांनी पत्रा घासून, स्पिरिटने पुसून लख्ख केला. कुठे पट्टी हवी आणि कुठे नको हे ठरवायला ओर्लिंडा बोटाच्या पेराने ठोकायची, आणि एलिहिओ पत्र्यावर तळहात टेकून बसायचा.

"इथे थरथरतोय," तो म्हणायचा. "इथे नाही. इथली पट्टी वाचली."

जिथे रिकाम्या डब्यासारखं टणटणत होतं, तिथे पट्टी बसली की नुसतं ठप्प व्हायचं. ती पट्टी गरम करायची, तो लाकडी लाटण्याने दाबून हवा काढायचा. दाराच्या तळाची पाणी जायची भोकं त्याने झाकू दिली नाहीत. "तुझी शांतता कुजवेल दारं," म्हणाला. एवढं करून फोम आणि चादर घालून सीट परत बसवल्या, तोवर फाकुंदोच्या पोराचं नाव निघायचं बंद झालं होतं. ते पोर एकदा चौकशीला आलं, तर एलिहिओने ऐकू न आल्यासारखं केलं.

पुढच्या रविवारी दोघं ताओसला निघाली. गाडी काही मुकी झाली नव्हती. इंजिन होतं, वारा होता. पण तळातली घरघर गेली होती. एलिहिओने यंत्रं कानातच ठेवली. खिंडीत शिरताना त्याने सवयीने खेचराची गोष्ट काढली. खेचर दिवसभर बसलं होतं असं तो म्हणाला.

"मागच्या खेपेला तासभर होतं," ओर्लिंडा नेहमीच्या आवाजात म्हणाली.

"मागची खेप होऊन पाच वर्षं झाली. तेवढ्यात खेचर म्हातारं झालं," तो म्हणाला. आणि मग त्याच्या लक्षात आलं, की तिने काय म्हटलं ते त्याला कळलं होतं.

"तू काही सांग," तो म्हणाला. "मीच बोलत आलो जन्मभर."

ओर्लिंडाने नदीकडे पाहिलं. "वेलार्दे गावातल्या त्या लग्नात तू मला घरी सोडलंस. माझी मामेबहीण मला विसरून निघून गेली म्हणून."

"हो, कसली बहीण ती."

"मीच तिला पाठवलं होतं. म्हटलं, तू जा, हा बडबड्या सोडेल मला."

एलिहिओने सफरचंदांच्या एका दुकानापाशी गाडी बाजूला घेतली. तो इतका हसला की दुकानातली बाई बाहेर येऊन बघायला लागली.

त्यानंतर तीन-चार वर्षं दोघं त्या वाटेने बोलत गेली. मग एलिहिओचे कान पुरतेच गेले; यंत्रंही कामी येईनात. तोवर त्यांचं पाहून खोऱ्यातली कितीतरी म्हातारी जोडपी ओर्लिंडाकडे गाड्या आणायला लागली होती. ती आत पट्ट्या चिकटवत असायची, आणि एलिहिओ अंगणात खुर्ची टाकून त्या म्हाताऱ्यांना मामेबहिणीची गोष्ट सांगायचा, इतक्या मोठ्याने, की रस्त्यापलीकडेही ऐकू जावी.