सुजलेल्या हाताला तेल लावू नका

"डीप व्हेन थ्रॉम्बोसिस," डॉक्टर म्हणाले आणि माझ्या मालकांचा उजवा हात त्यांनी अलगद टेबलावर ठेवला. शाहूपुरीतल्या त्या खोलीत पंखा घरघरत होता. मी विचारलं, म्हणजे काय ओ? त्यांनी डॉपलरचा कागद पुढं केला. डॉपलर म्हणजे शिरेतून रक्त नीट वाहतंय का ते बघायची तपासणी. काखेजवळच्या आतल्या मोठ्या शिरेत रक्ताची गाठ बसली होती. हातात रक्त जात होतं, पण परत फिरायला वाट नव्हती, म्हणून हात सुजला होता.

आम्हा नवराबायकोच्या लेखी ती उसण होती, आणि उसणीला डॉक्टर लागतो हेच मला मुळात पटत नव्हतं.

मालक पेंटर. मंगळवार पेठेत त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे, सगळे पेंटरच म्हणत. तेव्हा फ्लेक्स आले नव्हते. दुकानांच्या पाट्या, ट्रकमागची अक्षरं, जयंतीची कमान, सगळं हातानं. त्या वर्षी निवडणूक तोंडावर आली आणि पंधरा दिवस शिडीवर उभं राहून त्यांनी भिंती रंगवल्या. हात कायम डोक्याच्या वर. काम संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शर्टाची बाही दंडावर चढेना. हात जड, निळसर, आणि खांद्यावर, छातीवर कधी न दिसलेल्या शिरा उठलेल्या. गळ्याजवळचं हाड आणि पहिली बरगडी यांच्यामध्ये ही शीर चेंगरते, हात वर धरून राबणाऱ्यांना, पैलवानांना हे होऊ शकतं, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

आधी हे मला कोण सांगणार? माझी आई कोडोलीत बाळबाळंतिणींना तेल लावायची, न्हाऊ घालायची. तिचा हात माझ्यात उतरला होता. गल्लीत कुणाची मान धरली, कुणाचा पाय मुरगळला, की माणूस पहिला माझ्या दारात. हाताला गुण आहे म्हणायचे लोक. मला ते ऐकायला लई आवडायचं. खोटं कशाला बोलू, मिजास होती मला त्याची.

तर तीन दिवस मी लसूण घालून कढवलेलं तेल लावून तो हात चोळला. मिठाच्या पुरचुंडीनं शेकला. सूज हटेना, उलट बोटंही फुगली, तेव्हा कुठं दवाखाना गाठला.

लगेच ॲडमिट केलं. हेपरिन नावाचं औषध सलाईनमधून सुरू झालं. हे रक्त पातळ ठेवतं, म्हणजे आहे ती गाठ वाढत नाही, आणि शरीर ती हळूहळू विरघळवतं. दिवसातून दोनतीनदा रक्त तपासायला नेत. "हाताला पूर्ण विश्रांती द्या, उशीवर उंच ठेवा," डॉक्टर म्हणाले. मी मान डोलावली. विश्रांती म्हणजे मालकांनी हात हलवायचा नाही, एवढंच मी समजले. चोळणं हे विश्रांतीच्या विरुद्ध असतं, असं आमच्या घरात कधी कुणाला वाटलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमची आठ वर्षांची सुजाता डबा घेऊन मामाबरोबर आली. मामा खाली चहाला गेला. मालक कण्हत होते.

"सुमन, ठणकतंय गं. जरा हात फिरव की."

तेलाची बाटली माझ्या पिशवीतच होती. डब्याच्या झाकणात तेल ओतलं, पोरीच्या हातात दिलं आणि मनगटापासून काखेपर्यंत चोळत नेलं. हळूच, पण चोळलं. सिस्टर दुसऱ्या वॉर्डात होत्या. मालकांनी डोळे मिटले.

"आत्ता बरं वाटलं बघ," म्हणाले.

सकाळी मालक तोंड धुवायला उठले आणि दम लागला म्हणून कॉटवर बसले. छातीला हात लावला. माझ्याकडं बघितलं आणि तसेच कलंडले. डॉक्टर धावत आले, ऑक्सिजन लावला, छाती दाबली. अर्ध्या तासात सगळं संपलं. छत्तीस वर्षांचा माणूस हो.

पल्मनरी एम्बोलिझम, म्हणजे गाठीचा तुकडा सुटून रक्ताबरोबर फुप्फुसात जाऊन अडकतो. डॉक्टर हे सांगत होते आणि सांगता सांगता त्यांची नजर त्या हातावर गेली. हात तेलानं चमकत होता.

"हे काय लावलंय?"

मी सगळं सांगितलं. ते खुर्चीवर बसले.

"चोळल्यानं गाठ सुटू शकते," ते म्हणाले. "पण न चोळताही सुटते. तुमच्यामुळंच सुटली, असं मी सांगू शकत नाही. चोळू नका, हे मात्र मी स्पष्ट सांगायला पाहिजे होतं."

या अर्ध्या उत्तरावर मी इतकी वर्षं काढली. विहारात वंदनेला बसले तरी हात जोडताना हातांकडं बघवत नसे. गल्लीतली माणसं सवयीनं दारात यायची, मी त्यांना घालवून द्यायची. माजलीया, असंही कुणी म्हणालं. म्हणू दे.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते. एकच हात किंवा एकच पाय अचानक सुजला, जड झाला, रंग बदलला, तर चोळू नका, शेकू नका, कुणाच्या हाताला कितीही गुण असू दे. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि काय करायचं नाही, ते तोंडानं विचारून घ्या. विचारायची लाज वाटली तर मला आठवा.

सुजाता पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडं आली तेव्हा बाळाला तेल लावायला मी शेजारच्या गल्लीतली बाई लावली होती. चारपाच दिवस सुजातानं ते चालवून घेतलं. मग एका सकाळी तिनं बाईला परत पाठवलं आणि वाटी माझ्यासमोर ठेवली.

"आई, तू लाव."

"माझ्यानं न्हाय व्हायचं."

"झाकण मी धरलेलं, ध्यानात हाय न्हवं तुला? मग माझाबी हात लागलाय की त्यात." ती माझ्यासमोर खाली बसली. "बाबा बरं वाटलं म्हणाले. मी ऐकलंय. माझ्यासमोर म्हणाले."

इतकी वर्षं मी माझंच धरून बसले होते. पोरगी तेच ओझं घेऊन माझ्याच घरात वाढली, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मी तिला जवळ ओढलं. दोघी रडलो, बाळ आमच्याकडं बघत राहिलं.

मग मी भिंतीला टेकून पाय पसरले आणि नातीला पायांवर घेतलं. पाय चोळले, पाठ चोळली. उजव्या हातापाशी आले आणि थांबले. सुजातानं वाटी पुढं धरली. मी बोटं तेलात बुडवली आणि तोही हात चोळला.