फार्करची बुचं

फार्कर बीटनला कलावंत म्हणणारा स्कॉटलंडच्या उइस्ट बेटावर एकच माणूस होता, खुद्द फार्कर. इशबेलच्या तर त्याचं नाव निघालं तरी कपाळावर आठी पडे.

तिच्या बापानं, टॉर्मडनं, याच फार्करला आठ वर्षं घरी बसवून बॅगपाइप शिकवला होता. कागद नाही की पुस्तक नाही. म्हातारा एकेक ओळ तोंडी बोलांत गायचा आणि हा ती घोकायचा. मयताला वाजवायची घराण्याची धून, तो विलापही त्यालाच दिला. पोरींना तेव्हा शिकवत नसत. इशबेल भिंतीपलीकडं ओटकेक भाजत असायची.

एवढी विद्या घेऊन हा गेला कुठं? तर डोंगरातल्या खिंडीत, पर्यटकांच्या बस थांबतात त्या वळणावर. वीस वर्षं तीच तीन गाणी आणि तोच चौकड्यांचा घागरा, किल्ट. दम लागू नये म्हणून महाशयांनी सूर धरणाऱ्या तीन नळ्यांपैकी दोन नळ्यांना चक्क बुचं ठोकलेली. पर्यटकांना काय कळतंय! ते फोटो काढून खूश, आणि हा त्यावरच स्वतःला उस्ताद समजून बसलेला.

टॉर्मड गेला. ‘कबरीपाशी माझा विलाप पुरा होऊ दे,’ एवढंच त्यानं मागितलं होतं. तो वाजवता येणारा फार्करच उरला होता. इशबेलनं नाक मुठीत धरून त्याला फोन केला.

कबरस्तानात स्वारी छाती काढून आली.

“बुचं काढलीस का रे?” इशबेलनं विचारलं.

“अगं, वीस वर्षं हेच करतोय. मला शिकवतेस?”

“काढ म्हणते ना!”

त्यानं चरफडत काढली. तिन्ही नळ्या घुमल्या आणि क्षणभर इशबेललाही भरून आलं. पण विलाप पाव तासाचा. पहिला भाग संपेतो फार्करचा चेहरा लालभडक झाला. वीस वर्षं एका नळीपुरतीच फुंकर मारलेली छाती ती! दुसऱ्या भागात बॅगपाइपची हवेची पिशवी बसली, सूर रडत रडत खाली आले आणि बंद पडले.

“वारा फार आहे,” तो धापा टाकत म्हणाला.

“इथं कधी नसतो रे?” मागून कुणीतरी बोललं.

इशबेलला त्याची कीव यायला हवी होती. आली ती किळस. बापाचं शेवटचं मागणं या माणसानं अर्ध्यावर टाकलं होतं. ती कबरीपाशी गेली आणि तो थांबला होता तिथूनच बोल गाऊ लागली. हिहारिन, हिओत्रो... एकही ओळ न चुकता, थेट शेवटापर्यंत. सगळे टोप्या काढून ऐकत राहिले.

“तुला कुणी शिकवलं?” फार्करनं तोंड वासून विचारलं.

“तूच. इतक्यांदा चुकायचास, की भिंतीपलीकडं माझं पाठ झालं. घाल आता ती बुचं, आणि नीघ. तिकडं बस आली असेल.”