मागून येणारा आवाज

कारखान्यात त्याला सगळे भोंगा म्हणत. पत्र्याचे डबे ठोकणाऱ्या प्रेसवर त्याने उभा जन्म काढला, आणि त्या खात्यात हळू बोलणारा माणूस मुका समजला जाई. भोंगा काही मुका नव्हता. घरी त्याने पाणी मागितलं की खालच्या मजल्यावर कळायचं. एकदा तर खालची म्हातारी जिन्यातून ओरडली, "अगं, दे बाई त्याला पाणी एकदाचं."

निवृत्त झाल्यावर माणसं देवधर्माला लागतात, गुडघे चोळत बसतात, नाहीतर सुनेच्या संसारात नाक खुपसतात. भोंग्याने घरात होम थिएटर उभारायचं ठरवलं. मेहुणा म्हणाला, "दुकानात जा, तयार संच मिळतो. खोक्यातून काढायचा नि लावायचा." भोंग्याला हा सल्ला झोंबला. एक तर तयार गोष्टीत मजा नाही, आणि दुसरं म्हणजे तयार संचाची किंमत ऐकून त्याचे डोळे आधीच पांढरे झाले होते. पण ते मेहुण्याला कशाला सांगायचं?

या वेडाचं मूळ जुनं होतं. नवीन लग्न झालं तेव्हा दोघं एका नव्याकोऱ्या टॉकीजमध्ये गेले होते. तिथे चारी बाजूंनी स्पीकर होते. सिनेमात एका मोठ्या घराची मालकीण होती, तिच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा. एका प्रसंगात दिवा विझतो, ती पडद्याच्या कडेने चालत निघून जाते, आणि किल्ल्या वाजतात त्या थेट प्रेक्षकांच्या पाठीमागे. सगळ्या टॉकीजने माना वळवल्या. बायकोने दचकून त्याचा दंड धरला. "आपल्या घरी करीन असं एक दिवस," तो तिला म्हणाला. त्या वयात माणूस काय वाट्टेल ते बोलतो.

पण खरं कारण वेगळंच होतं, आणि ते त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. त्याची बायको गुणगुणायची. कामाला हात लागला की ओठ मिटून, शब्दांशिवाय, काहीतरी सूर धरायची. तिचं तिलाही भान नसे. लग्नानंतर कित्येक वर्षं भोंगा पाळीवरून आला की बंद दारापाशी थांबून आधी ते ऐकायचा आणि मगच कडी वाजवायचा. पुढे कधीतरी ते थांबलं. नक्की कधी, ते त्याला सांगता आलं नसतं. घर हळूहळू मुकं होत गेलं. बायको बोलायची तीही चढ्या आवाजात, एकेक शब्द फेकून मारल्यासारखी. भोंग्याने त्याचा सरळ अर्थ लावला, की ही आपल्या संसाराला विटली. ना कुठे नेलं, ना हौसेचं काही आणलं, सारा जन्म पाळ्या आणि पत्रा. विचारावं असं अनेकदा मनात आलं. पण विचारलं की उत्तर ऐकून घ्यावं लागतं, आणि तेवढी त्याची छाती नव्हती. त्यापेक्षा घरात पुन्हा आवाज आणू, तो सिनेमा लावू, मग ती आपोआप गुणगुणायला लागेल, असं त्याने मनाशी धरलं होतं. म्हाताऱ्या माणसाने इतकं भाबडं असू नये, पण तो होता.

मग जमवाजमव सुरू झाली. अँप्लिफायर त्याने बंद पडलेल्या एका खाणावळीतून उचलला. तो तापला की अजूनही खोलीत तळणीचा वास सुटायचा. पुढचे दोन स्पीकर एका शाळेच्या भंगारातले. त्यांच्या कागदी पडद्यांना पोरांनी पेन्सिली खुपसून भोकं पाडली होती, ती याने पातळ कागद आणि गोंद लावून बुजवली. घुमणारा मोठा स्पीकर एका चेपलेल्या मोटारीतला. मागचे दोन मात्र त्याने स्वतः बांधले. जुन्या कपाटाची दारं कापून खोकी केली. त्यातल्या एका खोक्याला कपाटाची मूठ तशीच राहिली, त्यामुळे ती ओढली की आतून शर्ट निघेल असं वाटायचं. आवाज भिंतींवर आपटू नये म्हणून त्याने अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवले. बायको दारात उभी राहून बघत होती.

"आता कोंबड्याच तेवढ्या राहिल्या," ती म्हणाली.

मागची खोकी स्टुलांवर ठेवली की थरथरायची. त्यांच्याखाली काहीतरी मऊ हवं होतं. रबराचे पाय विकत मिळतात, पण भोंग्याकडे फुकटचा माल पडून होता. कंपनी दर महिन्याला प्रत्येकाच्या हातावर कानात घालायचे बोळे ठेवायची. पिवळे, फोमचे, करंगळीच्या पेराएवढे. खात्यात ते कुणी घालत नसे. एखाद्याने घातलेच तर "काय नवरीबाई, कान कधी टोचले?" असं विचारून त्याला नकोसं करून सोडत, आणि विचारणाऱ्यांत भोंगा सगळ्यांत पुढे असे. पण फुकट मिळालेली वस्तू टाकणं त्याच्या रक्तात नव्हतं. सगळे बोळे त्याने बिस्किटांच्या डब्यात साठवून माळ्यावर ठेवले होते. आता त्याने तो डबा उतरवला, दोन्ही खोक्यांच्या कोपऱ्यांखाली एकेक बोळा सरकवला आणि डबा परत माळ्यावर टाकला. खोकी गप्प बसली.

"म्हणून माणसाने काही टाकू नये," तो बायकोला म्हणाला.

जुन्या बाजारात एक रेडिओवाला होता, दुरुस्तीचं टपरीवजा दुकान असलेला. या कामात तोच भोंग्याचा गुरू. त्याने त्या सिनेमाची डिस्क शोधून दिली. भोंग्याने खुर्च्या मांडल्या, पडदे ओढले, बायकोला हाताला धरून बसवलं. सिनेमा सुरू झाला. संवाद आले, दारं धडाधड लागली, पोटात घुमेल असा गडगडाट झाला. भोंगा खूश होऊन मांडीवर थाप मारत होता. मग तो प्रसंग आला. दिवा विझला. मालकीण पडद्याच्या कडेने निघाली. भोंग्याने मान वळवली.

मागून काहीच आलं नाही.

त्याने वायरी तपासल्या, प्रसंग पुन्हा लावला, मग पुन्हा एकदा लावला.

"तुला येतोय का किल्ल्यांचा आवाज?" त्याने विचारलं.

बायको थोडा वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"नाही हो," ती म्हणाली. "मलाही नाही येत."

मग दोष ट्वीटरचा. बारीक, किणकिणता आवाज काढणारा तो चिमुकला स्पीकर काढून भोंगा रेडिओवाल्याकडे गेला. रेडिओवाल्याने टेबलावर वायरी जोडल्या.

"वाजतोय की," तो म्हणाला. "केवढा किणकिणतोय."

"या रस्त्याच्या गोंगाटात तुला काय कळणार? मला ऐकू येत नाही म्हणजे वाजत नाही."

गिऱ्हाइकाशी वाद कोण घालणार? रेडिओवाल्याने दुसरा काढून दिला. तोही मुका निघाला. मग तिसरा आला, जरा वरच्या किमतीचा. दर वेळी भोंगा बायकोला विचारायचा, दर वेळी ती नाही म्हणायची. शेवटी रेडिओवाल्याने हात टेकले.

"काका, आता पुढचा मी विकणार नाही. रागावू नका, पण एकदा कान दाखवून या."

"माझे कान?" भोंगा म्हणाला. "नुसत्या ठोक्यावरून साचा ढिला झालाय हे ओळखायचो मी. आणि माझ्या बायकोलाही येत नाही तो आवाज. तिचेही कान गेले म्हणायचे का?"

 रेडिओवाला आपल्या कामाला लागला.

नवा ट्वीटर मिळेना, म्हणून भोंग्याने बारीक आवाज वाढवणारं ट्रेबलचं बटण पार टोकाला नेलं आणि आवाज चढवला. रोज दुपारी तो तोच प्रसंग लावायचा. खालची म्हातारी दोनदा वर येऊन गेली. बायकोने तिला दारातच काहीतरी सांगून वाटेला लावलं. नवऱ्याला तिने एका शब्दाने टोकलं नाही. मागच्या खोक्याशेजारची खुर्ची धरून ती काहीतरी निवडत, सोलत बसायची. गुणगुणण्याचं नाव नव्हतं. भोंगा अधूनमधून तिच्याकडे बघायचा आणि त्याचं मन आणखी खचायचं. एवढा आटापिटा करून साधी एक किल्ली वाजेना, ती काय गाणार.

एका दुपारी मुठीचं खोकं स्टुलावर कलंडलेलं दिसलं. भोंगा गुडघे टेकून खाली बसला. एका बाजूचे दोन बोळे गायब होते. उंदराने पळवले, त्याच्या मनात आलं. हे बायकोला सांगायला त्याने मान वर केली. ती हातभर अंतरावर मटार सोलत होती. केस कानामागे खोचलेले. आणि कानात पिवळं काहीतरी होतं.

भोंगा बघतच राहिला. मग गुडघ्यांवरच सरकत तो तिच्या दुसऱ्या बाजूला गेला. त्याही कानात होतं.

तिने मान वळवली. त्याची नजर कुठे आहे ते तिला कळलं. तिने मटारची ताटली खाली ठेवली, एकेक बोळा काढून मुठीत धरला. लपवाछपवी करायला आता काही उरलंच नव्हतं.

"माळ्यावर माझा हात पोचत नाही," ती म्हणाली. "म्हणून इथले घेतले."

भोंग्याने सिनेमा बंद केला.

"वाजतात किल्ल्या?" त्याने विचारलं.

"वाजतात."

"मागून?"

"मागून. पहिल्या दिवसापासून. अगदी टॉकीजमध्ये वाजल्या होत्या तशा." ती त्याच्याकडे तोंड करून, नेहमीसारखीच मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलत होती. "आता तर कानात सुया टोचतात."

"मग मला नाही का म्हणालीस?"

"तुमचं तोंड बघितलं. मी 'येतो' म्हटलं असतं तर तुम्हाला तिथल्या तिथे कळलं असतं. वाटलं, दोघांनाही नाही येत म्हटलं की नाद सोडून द्याल. तुम्ही दुसरा आणलात. मग मला मागे फिरता येईना."

"तुला ठाऊक होतं?"

"किती वर्षं झाली," ती म्हणाली. "दाराची बेल वाजते, तुम्ही समोर बसलेले असता आणि उठत नाही. मी ओरडून बोलते ते काय हौस म्हणून?"

भोंगा गुडघ्यांवरून जमिनीवर बसला. कलंडलेल्या खोक्याखाली उरलेले दोन पिवळे बोळे दिसत होते. ज्या बोळ्यांनी कान वाचवायचे ते त्याने लाकडाला दिले होते, आणि वर शहाणपणा सांगितला होता. त्याला रेडिओवाला आठवला, आणि ज्यांना नवरीबाई म्हणून हैराण केलं ती पोरंही. त्यांतली काही आज ऐकत असतील. त्याला कुणाचाही राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं.

बायको उठली, ट्रेबलचं बटण मागे फिरवलं, पुन्हा येऊन बसली. तिने ताटली मांडीवर घेतली.  मग भोंग्याने इतक्या वर्षांचा प्रश्न विचारला. आता त्याला उत्तराची भीती उरली नव्हती, निदान त्याला तसं वाटलं.

"तू गुणगुणायचीस. ते का सोडलंस?"

तिला प्रश्नच कळला नाही. शेंग बोटांत तशीच राहिली.

"सोडलं कुठे?" ती म्हणाली. "आज सकाळीसुद्धा. तुम्ही इथेच वायर सोलत बसला होतात."

भोंग्याने नाही म्हणून मान हलवली. घर मुकं झालं नव्हतं. त्याने तिच्यावर किती वर्षं हा आळ घेतला होता, मनातल्या मनात, एकदाही न विचारता.

"आत्ता म्हण," तो म्हणाला. "नेहमी म्हणतेस तेवढ्याच आवाजात. मोठ्याने नको."

ती अवघडली. मग तिने खाली बघून शेंग सोलायला घेतली आणि ओठ मिटले. भोंगा सरकून तिच्या खुर्चीला टेकला, जितकं जवळ जाता येईल तितकं. त्याच्या कानात नेहमीची घरघर होती, जणू खातं अजून चालूच आहे. बाकी काही नव्हतं. त्याने वर बघितलं. तिचा गळा हलत होता.