सालीचा फोटो

खांडबाऱ्यात स्टेशनच्या रस्त्यावर त्याचा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्टचे फोटो काढतानाही त्याचा एक पाय सारखा हलत असतो. गिऱ्हाईक उठलं की शटर अर्धं ओढून तो कॅमेऱ्यासह बाहेर पडतो आणि भेगाळलेला चिखल, किडीने कोरलेलं सागाचं पान, असं काहीतरी इतक्या जवळून टिपतो की फोटोत ते ओळखूच येत नाही. "हाई काय शे?" असं कुणी विचारलं, तर तो त्यालाच विचारतो, "तुमले काय दिखस?"

गेल्या वर्षी गाडी उभी करायला जागा हवी म्हणून मी अंगणातली चिंच तोडायला काढली. कुऱ्हाडवाले आले, तेवढ्यात हा धापा टाकत आला. त्यांना थांबवून तासभर खोडाच्या सालीला नाक लावून फोटो काढत राहिला.

"आख्खं झाड ले ना," मी वैतागून म्हणालो.

"आख्खं झाड तं तुम्हीबी देखेल शे."

चिंच त्याच दिवशी पडली. आठवड्याने त्याने एक फोटो आणून दिला. मला ते कोरडं नदीपात्र वाटलं. आईने मात्र त्यातल्या एका जागेवर लगेच बोट ठेवलं. "मी आठेच पाठ टेकीसन बसत व्हतू," ती म्हणाली. चिंच तोडू नको, असं तिने मला तीनदा सांगितलं होतं.

तेव्हापासून तो दिसला की मला चैन पडत नाही. परवा तो आमच्या विहिरीत वाकून पाण्यावरच्या शेवाळाचे फोटो काढत होता. विहीर बुजवायचं मी अजून कुणाजवळ बोललोही नव्हतो.