पाचवा रविवार आणि लपवलेला ताप

माझी बायपास चालू असताना थोरला भाऊ ऑपरेशन थिएटरच्या दारात उभा राहून नवस बोलला. तिथून पाचव्या रविवारी मला जोतिबावर न्यायचं आणि गुलाल-खोबरं उधळायचं. मला कुणी विचारलं नाही. आमच्या घरात थोरला बोलला की बाकीच्यांनी मान हलवायची, ही रीतच. असल्या रीतीला आग लागो.

चौथ्या आठवड्यात रोज संध्याकाळी हुडहुडी भरून ताप यायला लागला. बायको थर्मामीटर लावायची आणि कॅलेंडरवर आकडा लिहायची. शुक्रवारी तपासणी होती. निघताना भावानं तापाची गोळी माझ्या हातावर ठेवली.

"घे. ताप दिसला तर परत ठेवून घेत्यात. रविवारचं काय करायचं मग? टेम्पो सांगितलाय, पावणं बोलावल्यात."

"डॉक्टरांना सांगूया की," बायको म्हणाली.

"तू गप. एवढं कापल्यावर ताप येतोयच."

दवाखान्यात अंग गार होतं. डॉक्टरांनी तापाचं विचारलं तेव्हा भाऊ म्हणाला, "न्हाय की." मी मान हलवली.

रविवारी देवळाच्या पायऱ्यांवरच मी कोसळलो. गुलालानं माखलेल्या त्याच टेम्पोतून मला खाली आणलं. हृदयाला नवी शीर जोडली होती तिथं फुगा आला होता आणि त्यात पू झाला होता. तो कधीही फुटेल, छाती पुन्हा उघडावी लागेल, तरी खात्री नाही, असं डॉक्टर म्हणाले. ताप कधीपासून, या प्रश्नावर भाऊ पुन्हा पुढं झाला. "आजच आलाय."

बायकोनं पिशवीतून कॅलेंडरचं पान काढून डॉक्टरांच्या हातात दिलं. अकरा दिवस.

"घरातलं भायेर काढतीस व्हय?" भाऊ तिच्यावर खेकसला. तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मी वाचलो. आता तो गावभर सांगत फिरतो, माझ्या नवसानं भाऊ वाचला. चोराच्या उलट्या बोंबा. मी त्याच्याशी बोलणं टाकलंय, आणि त्याचं मला काडीचं वाईट वाटत नाही.

वाईट वाटतं ते वेगळंच. गोळी त्यानं दिली, पण गिळली मी. पन्नाशी उलटलेल्या मला मरणापेक्षा भावाच्या तोंडाची भीती जास्त होती. बायको हे कधी बोलून दाखवत नाही. रोज संध्याकाळी ती माझ्या काखेत थर्मामीटर लावते. ताप आहे का, असं मला मात्र विचारत नाही.